ग्रुप सुटला, कंपनी तीच : एडी केंड्रिक्सच्या पहिल्या सोलो अल्बमचं प्रकरण

प्रकरण अभ्यास म्हटलं की नावं झाकायची पद्धत असते, "एक गायक", "एक नामांकित ग्रुप" वगैरे. इथे त्यात काही अर्थ नाही, कारण एप्रिल १९७१ मध्ये अमेरिकेत एक नंबरवर कुठलं गाणं होतं एवढं सांगितलं की सोल, म्हणजे चर्चच्या गाण्यातून आलेलं अमेरिकेतलं कृष्णवर्णीयांचं संगीत, ऐकणारा कुणीही माणूस लगेच ओळखेल. म्हणून सरळ नावं घेतो. गायक एडी केंड्रिक्स, पाच गायकांचा ग्रुप द टेम्प्टेशन्स, रेकॉर्ड कंपनी डेट्रॉइटची मोटाउन, आणि अल्बम ‘ऑल बाय मायसेल्फ’.

लिहायचं कारण असं की ही गोष्ट नेहमी एकाच साच्यात सांगितली जाते, भांडण झालं, बाहेर पडला, मग हिट दिलं. मला त्यात मधला भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो, म्हणजे बाहेर पडल्यावरचा पहिला अल्बम, जो ना धड पडला ना धड चालला.

पार्श्वभूमी

केंड्रिक्स १९३९ चा, अलाबामातल्या युनियन स्प्रिंग्जचा, पण वाढला बर्मिंगहॅममध्ये. तिथेच चर्चमध्ये गाताना पॉल विल्यम्स भेटला आणि ही दोस्ती आयुष्यभराची झाली. दोघं गाव सोडून आधी क्लीव्हलँडला आणि मग डेट्रॉइटला आले, ‘द प्राइम्स’ नावाने गायचे (यांच्या जोडीला मुलींचा एक ग्रुप होता, प्राइमेट्स, त्याच पुढे सुप्रीम्स झाल्या). प्राइम्स मोडल्यावर हे दोघं ओटिस विल्यम्स आणि मेल्विन फ्रँकलिनच्या मंडळीत जाऊन मिळाले आणि १९६१ मध्ये टेम्प्टेशन्स या नावाने मोटाउनमध्ये शिरले. ओटिस विल्यम्स आणि पॉल विल्यम्स भाऊ नाहीत, आडनाव तेच एवढंच. मी कित्येक वर्षं भाऊच समजत होतो.

१९६४ च्या सुरुवातीला डेव्हिड रफिन आला आणि लोक ज्याला खरे टेम्प्टेशन्स म्हणतात ते पाच जण पूर्ण झाले. रफिनचा आवाज खरखरीत, पोटातून येणारा. फ्रँकलिनचा खर्ज इतका खोल की स्पीकर हलावा. आणि केंड्रिक्स सगळ्यात वर, फॉल्सेटोमध्ये, म्हणजे पुरुषाने नेहमीच्या पट्टीच्या वर जाऊन पातळ, हलका आवाज लावायचा, ताण न दाखवता. ग्रुपचं पहिलं मोठं गाजलेलं गाणं, ‘द वे यू डू द थिंग्ज यू डू’, १९६४, त्यात मुख्य आवाज त्याचाच. ‘माय गर्ल’ रफिनचं. शिवाय कुणी कुठला सूर धरायचा हे बरंचसं केंड्रिक्स बसवून द्यायचा, आणि स्टेजवरचे कपडेसुद्धा तोच बघायचा. म्हणजे नुसता गायक नव्हे, घरातला कामाचा माणूस.

आता कंपनीची रचना, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मोटाउन बेरी गॉर्डीची. रेकॉर्ड ती काढायची, गाण्यांचे पब्लिशिंग हक्क तिच्याच जोबेट या कंपनीकडे, आणि कलाकारांचं मॅनेजमेंटही तिच्याच दुसऱ्या कंपनीकडे. म्हणजे कलाकाराच्या बाजूने कंपनीशी भांडायचं ज्याचं काम, तो मॅनेजरसुद्धा कंपनीचाच. गाणी लिहिणार पगारी गीतकार, प्रोड्यूसर कोण ते कंपनी ठरवणार, गायकाने येऊन गायचं.

अडचण काय होती

एक अडचण असती तर बरं झालं असतं. इथे तीन-चार एकमेकांत गुंतलेल्या होत्या.

पहिली संगीताची. १९६६ पासून ग्रुपचा प्रोड्यूसर नॉर्मन व्हिटफिल्ड, आणि १९६८ च्या शेवटी ‘क्लाउड नाइन’पासून त्याने सगळा मामलाच बदलला. वाह-वाह गिटार (पेडलने सूर बोलल्यासारखा वाकवायचा), लांबलचक वाद्यांचे पट्टे, रस्त्यावरच्या परिस्थितीबद्दलचे शब्द, पाची जण एकेक ओळ वाटून घेऊन गाणार, याला सायकेडेलिक सोल म्हणायचे. ‘क्लाउड नाइन’ने मोटाउनला पहिलं ग्रॅमी मिळवून दिलं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलायला जागाच राहिली नाही. केंड्रिक्सला मात्र हे रुचत नव्हतं, त्याला जुनी बॅलड्स, म्हणजे संथ, हळवी गाणी, हवी होती. आणि जरा त्याच्या जागी उभं राहून बघा, जो माणूस अख्खं गाणं एकट्याने पेलायचा त्याच्या वाट्याला आता दोन ओळी आणि वरून एक "ऊऽऽ".

दुसरी माणसांची. रफिनला १९६८ मध्ये ग्रुपने काढलं, त्याला स्वतःचं नाव ग्रुपच्या आधी लागायला हवं होतं, सुप्रीम्सच्या डायना रॉसचं लागलं तसं, आणि इतरही बऱ्याच भानगडी होत्या. त्याच्या जागी डेनिस एडवर्ड्स आला. पण रफिन आणि केंड्रिक्स यांची मैत्री तुटली नाही, उलट "तूही निघ" असं रफिन त्याला सांगत राहिला. इकडे पॉल विल्यम्स, लहानपणचा दोस्त, आजारपण आणि दारू यात इतका खचला की रिचर्ड स्ट्रीट नावाचा गायक पडद्यामागून त्याचे भाग गायचा आणि पॉल पुढे उभा राहून नुसता नाचायचा. म्हणजे ग्रुपमध्ये केंड्रिक्सची जी दोन माणसं होती त्यातला एक गेलेला आणि एक असून नसल्यासारखा. उरले ओटिस आणि मेल्विन, आणि त्यांच्याशी रोजची धुसफूस.

तिसरी पैशाची. आपण नक्की किती कमावतो हे ग्रुपला नीट कळत नव्हतं. हिशोब कंपनीकडे, मॅनेजर कंपनीचा. रफिनने आधी यावर आवाज उठवला होता, केंड्रिक्सच्याही मनात तेच होतं, ओटिस आणि मेल्विनचा गॉर्डीवर विश्वास होता. ही फट माझ्या मते संगीतापेक्षा मोठी होती, पण तिच्याबद्दल गाणी होत नाहीत म्हणून ती कमी सांगितली जाते.

नोव्हेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबात शो होते. ओटिस आणि मेल्विनशी खटका उडाला, आणि केंड्रिक्स दोन शोंच्या मधल्या वेळेत निघून गेला तो परत आलाच नाही. आता हा माणूस राहत नाही, हे त्यानंतर दोन्ही बाजूंनी मान्य केलं.

समोरचे पर्याय

टेबलावर बसून कुणी यादी केली असेल असं नाही, पण आज मागे वळून बघताना त्याच्यासमोर काय काय होतं ते दिसतं, आणि गंमत म्हणजे प्रत्येक पर्यायाचा नमुना त्याच दोन-तीन वर्षांत डोळ्यांसमोर घडलेला होता.

राहणं हा एक. दर आठवड्याला स्टेज, ठरलेले पैसे, नाव मोठं. कोपानंतर ते जवळपास संपलं होतं, तरी कुणी मध्यस्थ असता तर कदाचित झालं असतं. पण मध्यस्थ कोण? मॅनेजमेंट तर कंपनीचं.

रफिनचा रस्ता दुसरा. भांडून बाहेर आणि त्याच कंपनीत सोलो. रफिनचं पहिलं सोलो गाणं १९६९ मध्ये अमेरिकेत पहिल्या दहात गेलं होतं, म्हणून हा रस्ता बरा वाटू शकतो, पण त्यानंतर तो घसरत गेला आणि पुढचं तेवढं मोठं गाणं यायला १९७५ उजाडलं. केंड्रिक्सने हे अगदी जवळून बघितलेलं होतं.

तिसरा डायना रॉसचा. जानेवारी १९७० मध्ये लास वेगासला सुप्रीम्सचा निरोपाचा शो, त्याच रात्री स्टेजवर बदली गायिकेची ओळख, आणि मागे कंपनीची सगळी ताकद. त्याच वर्षी तिचं सोलो गाणं एक नंबरला. हा रस्ता चकाचक, पण गॉर्डीला तुम्ही स्टार व्हावं असं वाटत असेल तरच उघडणारा. खटका उडवून रात्री निघून गेलेल्या माणसासाठी तो नव्हता.

आणि चौथा, माझ्या मते सगळ्यात शहाणा, शिकागोच्या कर्टिस मेफिल्डचा. त्याने १९७० मध्ये इम्प्रेशन्स हा आपला ग्रुप सोडला, पण आधी १९६८ मध्ये स्वतःची कर्टम कंपनी काढून ठेवली होती, गाणी स्वतः लिहायचा, प्रोड्यूस स्वतः करायचा, आणि ग्रुपशी भांडण नाही, ग्रुप त्याच्याच कंपनीत राहिला. सप्टेंबर १९७० मध्ये ‘कर्टिस’ हा अल्बम आला आणि आर अँड बी यादीत (कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताची वेगळी लोकप्रियता-यादी) एक नंबरला गेला. म्हणजे केंड्रिक्स कोपातून बाहेर पडला त्याच्या दोनच महिने आधी. पण मेफिल्ड गीतकार होता, त्याच्या हातात माल होता. केंड्रिक्सकडे गळा होता, मांडणीची जाण होती, लिहिलेल्या गाण्यांचा साठा नव्हता. हा फरक विसरून "त्याने मेफिल्डसारखं करायला हवं होतं" म्हणणं सोपं आहे.

काय केलं

निघायच्या आधी एक काम झालं, ‘जस्ट माय इमॅजिनेशन’. व्हिटफिल्ड आणि बॅरेट स्ट्राँगने लिहिलेलं, सायकेडेलिक नाही, धूर नाही, नुसती तंतुवाद्यं आणि त्यावर तरंगणारा केंड्रिक्स. जे तो मागत होता अगदी तेच. जानेवारी १९७१ मध्ये सिंगल, म्हणजे एका गाण्याची सुटी रेकॉर्ड, बाहेर आलं. ते वर चढत असताना केंड्रिक्सने सुटका करून घेतली आणि मोटाउनच्याच टॅमला लेबलवर सोलो करार केला. टेम्प्टेशन्स गॉर्डी लेबलवर होते, म्हणजे लेबल वेगळं, मालक तोच. भावांशी भांडून माणूस वाड्याच्या दुसऱ्या खोलीत राहायला गेला आणि भाडं मात्र त्याच घरमालकाला देत राहिला, असं काहीसं.

प्रोड्यूसर म्हणून फ्रँक विल्सन मिळाला, आणि हा या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय, कुणीही घेतलेला असो. रॉस गेल्यावर उरलेल्या सुप्रीम्सना ‘स्टोन्ड लव्ह’सारखी गाणी देऊन यानेच सावरलं होतं. स्टार गेल्यावर ग्रुप कसा उभा करायचा हे त्याला माहीत होतं, आता उलटं काम होतं, ग्रुपशिवाय स्टार कसा उभा करायचा.

अल्बम एप्रिल १९७१ मध्ये आला. नावच ‘ऑल बाय मायसेल्फ’, म्हणजे अगदी एकटा, आणि एका गाण्याचं नाव निरोप घेणं किती अवघड आहे याबद्दलचं. आता लोक याचा अर्थ ग्रुपशी जोडणार नाहीत तर काय करणार. एकूण मिजाज बॅलडचा, मऊ, भरपूर ऑर्केस्ट्रा. आवाज अप्रतिम लागलाय, ‘कॅन आय’ ऐका म्हणजे कळेल, वरच्या सुरात इतका वेळ राहूनही कुठे चिरकत नाही. पण अख्खा अल्बम एका बैठकीत ऐकला की तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत काहीतरी कमी वाटायला लागतं आणि मग लक्षात येतं की खालून येणारा मेल्विनचा खर्ज नाहीये. फॉल्सेटो उंच वाटायला खाली जमीन लागते. इथे जमीन म्हणून व्हायोलिनं ठेवलीयत.

परिणाम

एप्रिल १९७१ चं चित्र डोळ्यांसमोर आणा. रेडिओवर एक नंबरला ‘जस्ट माय इमॅजिनेशन’, आवाज केंड्रिक्सचा, नाव टेम्प्टेशन्सचं. त्याच महिन्यात दुकानात ‘ऑल बाय मायसेल्फ’, आवाज केंड्रिक्सचा, नाव केंड्रिक्सचं. म्हणजे पहिल्याच अल्बमची स्पर्धा स्वतःच्याच आवाजाशी, आणि समोरचं गाणं सरळसरळ जास्त चांगलं. ज्याला केंड्रिक्सचं बॅलड हवं होतं त्याला ते ग्रुपकडूनच मिळत होतं. सोडण्याचं कारण म्हणून जे सांगितलं जातं, की मला बॅलड गाऊ देत नाहीत, ते कारणच शेवटच्या गाण्याने पळवून नेलं.

अल्बम आर अँड बी यादीत पहिल्या दहात गेला, पॉप यादीत बराच खाली राहिला, आणि सिंगल्सपैकी एकही मोठं झालं नाही. पुढच्याच महिन्यात त्याच टॅमला लेबलवर मार्व्हिन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा अल्बम आला आणि मग कंपनीत दुसऱ्या कशाबद्दल कोण बोलणार होतं.

इकडे ग्रुपने डेमन हॅरिस नावाचा तरुण फॉल्सेटोवाला घेतला, आणि व्हिटफिल्ड-स्ट्राँगने ‘सुपरस्टार’ हे गाणं लिहिलं ज्यात गेलेल्या दोघांना सणसणीत टोमणा होता, कुठून वर आलास ते विसरू नकोस अशा अर्थाचा. १९७२ मध्ये ‘पापा वॉज अ रोलिंग स्टोन’ एक नंबरला गेलं. दीड वर्षाने हिशोब मांडला असता तर कुणीही म्हटलं असतं, ग्रुप जिंकला.

पण १९७२ च्या ‘पीपल... होल्ड ऑन’ अल्बममध्ये एक बदल झाला जो मला या सगळ्यातला खरा वळणाचा मुद्दा वाटतो. दौऱ्यावर त्याच्याबरोबर वाजवणारा वॉशिंग्टनचा बँड, यंग सेनेटर्स, यावेळी रेकॉर्डिंगमध्ये आला. नेहमीचे स्टुडिओतले वादक नव्हेत, तर रोज रात्री त्याच्यामागे उभे राहणारे. त्यातलं ‘गर्ल यू नीड अ चेंज ऑफ माइंड’ सात मिनिटांच्या वर चालतं. मध्येच वाद्यं एकेक करून थांबतात, उरतो फक्त ताल, आणि मग एकेक वाद्य परत येत गाणं पुन्हा भरत जातं. विल्सन आणि केंड्रिक्स दोघंही चर्चमधून आलेले, तिथे हे नेहमीचं. आपल्याकडे भजनात पखवाज थांबतो, नुसत्या टाळांवर नाव चालू राहतं आणि मग पखवाज परत पडल्यावर सगळे उठून उभे राहतात ना, तेच. न्यूयॉर्कला डेव्हिड मॅन्क्युसो नावाच्या डीजेच्या लॉफ्ट पार्ट्यांमध्ये हे गाणं लाडकं झालं, डिस्को हा शब्द अजून कुणाच्या तोंडी नसताना. पॉप यादीत सिंगल फारसं चढलं नाही, पण नाचणाऱ्यांना ते सापडलं होतं.

मग १९७३, ‘कीप ऑन ट्रकिन’’, नोव्हेंबरमध्ये पॉप आणि आर अँड बी दोन्ही याद्यांत एक नंबर. टेम्प्टेशन्स सोडून गेलेल्यांपैकी पॉपमध्ये एक नंबरला जाणारा हा पहिला. गाण्यात एका ओळीत जुन्या ग्रुपचं नाव घेऊन चिमटाही काढलाय, म्हणजे ‘सुपरस्टार’ची परतफेड झाली. पुढच्या वर्षी ‘बूगी डाउन’ पॉपमध्ये दोन नंबर.

आता गंमत बघा. हा माणूस निघाला का, तर लांबलचक, तालावर चालणारी, वाद्यांनी भरलेली गाणी आवडत नव्हती. आणि मोठा झाला कशाने, तर सात-आठ मिनिटांच्या, तालावर चालणाऱ्या, वाद्यांनी भरलेल्या गाण्यांनी. म्हणून मला ते बॅलड विरुद्ध सायकेडेलिक हे कारण अपुरं वाटतं. फरक एवढाच होता की व्हिटफिल्डच्या गाण्यात मध्यभागी व्हिटफिल्ड होता आणि या गाण्यात मध्यभागी केंड्रिक्स, मागे त्याचा बँड. हे त्याला स्वतःलाही १९७१ मध्ये कळलेलं नसावं, नाहीतर पहिला अल्बम तसा केला नसता.

काय वेगळं करता आलं असतं

वेळ. ‘जस्ट माय इमॅजिनेशन’ वर असताना अल्बम काढायलाच नको होता. चार-सहा महिने थांबून, दौरा करून, बँड बसवून मग स्टुडिओत गेला असता तर ‘पीपल... होल्ड ऑन’ हाच पहिला अल्बम झाला असता. पण याची दुसरी बाजू पण खरी आहे, शोबिझनेसमध्ये सहा महिने गप्प बसलेला माणूस लोक विसरतात अशी भीती असते, आणि रफिनचं उदाहरण समोर होतं. शिवाय तारीख ठरवणं त्याच्या हातात किती होतं हाही प्रश्न आहेच.

करार. इथे मी जास्त कडक बोलेन. हिशोबावरून ज्या कंपनीवर संशय, तिच्याकडेच दुसऱ्या दाराने परत जाणं हे पटत नाही. निदान एक बाहेरचा मॅनेजर, बाहेरचा वकील, आणि दर अल्बममध्ये दोन-तीन गाण्यांत सहगीतकार म्हणून नाव, एवढं जरी मागितलं असतं. मुख्य हिट्सचे गीतकार विल्सन, लिओनर्ड कॅस्टन, अनिता पोरी, म्हणजे पब्लिशिंगचा पैसा तिकडे. आवाजाची मांडणी बसवण्याचं काम तो ग्रुपमध्ये असल्यापासून करत होता आणि त्या कामाला कधी कागदावर नाव नव्हतं.

आणि कोपा. रात्री मध्येच निघून जाणं हे त्या क्षणी समजू शकतं, पण त्यामुळे निरोपाचा शो गेला, वाटाघाटीची बाजू गेली. स्मोकी रॉबिन्सनने मिरॅकल्स हा मोटाउनमधलाच आपला ग्रुप सोडताना १९७२ मध्ये निरोपाचा दौरा केला, नवीन गायकाची ओळख करून दिली. अर्थात स्मोकी कंपनीचा व्हाइस प्रेसिडेंट होता, त्याला सगळं जमणारच.

पुढे १९८२ मध्ये रीयुनियन दौरा झाला, केंड्रिक्स आणि रफिन दोघंही परत आले, पण तोवर सिगारेटने वरचे सूर खाल्ले होते. १९८५ ला दोघं हॉल अँड ओट्स या जोडीबरोबर न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरात आणि लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत गायले. १९९१ मध्ये रफिन गेला, ऑक्टोबर १९९२ मध्ये बर्मिंगहॅमलाच केंड्रिक्स गेला, फुप्फुसाचा कॅन्सर, वय ५२.

त्याचं १९७७ चं एक मंद गाणं आहे, ‘इंटिमेट फ्रेंड्स’, ‘स्लिक’ नावाच्या अल्बममधलं, डिस्कोच्या गर्दीत तेव्हा कोपऱ्यात गेलेलं. पुढे अलिशिया कीजने आणि एरिका बाडूने त्याचा तुकडा आपापल्या गाण्यात वापरला. पखवाज न थांबणारं, न परत येणारं, पहिल्या अल्बमसारखंच साधं बॅलड. फक्त या वेळी खाली जमीन आहे, बास नीट ऐकू येतो.